डाव्या चौकटीतलं हृदय

२०१६च्या ऑगस्टमध्ये आमच्या मुलीच्या, कादंबरीच्या, हृदयाच्या वार्षिक तपासणीसाठी, म्हणजे इकोसाठी, आम्ही पुंगोलच्या घरून निघालो, तेव्हा तिच्या शर्टला पुढून बटणं आहेत ना, हे माझ्या बायकोने, मीनलने, तीनदा पाहिलं. काळजीला बसायला जागा लागते. त्या सकाळी ती बटणांवर बसली.

कादंबरी आठ महिन्यांची असताना तिच्या हृदयातल्या छिद्रावर पॅच शिवला होता. आता ती सात वर्षांची. गेल्या वर्षी शेजारची झडप थोडी गळताना दिसली होती. गळती वाढली असेल, तर छाती पुन्हा उघडायची. मी बँकेत जोखमीचे अंदाज बांधतो. म्हणून घरात मला कुणी अंदाज विचारत नाही.

रुग्णालयात तपासणीच्या खोलीत एकच पालक चालतो. कादंबरीने मला निवडलं. "आई रडते, लाह." इथल्या शाळेतला हा 'लाह' ती मराठीलाही जोडते.

खोलीत मंद उजेड. तंत्रज्ञ मिस खू यांनी तिच्या छातीवर जेल लावून प्रोब टेकवला. पडद्याच्या उजव्या चौकटीत आजचं हृदय हलू लागलं. तुलनेसाठी त्यांनी डावीकडे जुनी तपासणी उघडली.

डावीकडचं हृदय मोठं होतं. पॅच तोच, तिथेच. वर कादंबरीचं नाव, वजन चोपन्न किलो, तारीख मार्च २०३१.

"सिस्टीम प्रॉब्लेम," मिस खू म्हणाल्या. या देशात यंत्रं सहसा चुकत नाहीत. चुकण्याला दंड असावा. त्यांनी चौकट बंद केली. ती आपोआप परत उघडली.

मी आधी झडप पाहिली. बाप दुसरं काय पाहणार?

"गळती?"

"डावीकडे अजिबात नाही." त्यांनी प्रोब जरा सरकवला. "आजची गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे. बाकी डॉक्टर सांगतील."

सात वर्षांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. मला चक्क विनोद सुचला. डावीकडच्या हृदयाला मी विचारलं,

"काय गं, एवढी घोडी झालीस, आणि इकोला एकटी आलीस?"

"एकटी नाही काही." कादंबरी डावीकडे बघत होती. "आई होती ना बाहेर. आता आईच येते."

"आणि मी?"

तिने माझं बोट मुठीत घट्ट धरलं.

"रिलॅक्स, गर्ल," मिस खू म्हणाल्या.

उजव्या चौकटीत ठोक्यांचा आकडा नव्वदवरून एकशे चौतीसवर गेला होता.

मग डावीकडचाही चढू लागला.