कोलूगो झेपावला तेव्हा

"डोन्ट मूव्ह!"

मी बुटाची नाडी बांधायला वाकले होते. तोल जाऊ नये म्हणून एक हात झाडाच्या बुंध्यावर. मागून असा दरडावणारा आवाज आला आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं आई गं!"

"मराठी?" तोच आवाज, एकदम मऊ. "मग ऐका ना... हात हळूच काढून घ्या. साप नाहीये. पण वर बघा—"

मी वर बघितलं. माझ्या बोटांच्या जरा वर झाडाची साल माझ्याकडे बघत होती! दोन मोठे, गोल, तपकिरी डोळे. मांजराएवढा प्राणी, करड्या हिरवट ठिपक्यांचा, खोडाला बिलगून बसलेला.

"कोलूगो," मागे उभा असलेला तरुण कुजबुजला. "चारी पायांमध्ये कातडीचा पडदा असतो. तो पसरून या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो."

"हा? सिंगापूरसारख्या शहरात, सेम्बावांगमध्ये? माझ्या बिल्डिंगच्या मागे?"

"तुम्हीच त्याच्या झाडांच्या मागे राहायला आलात," तो हसला. उजव्या गालावर खळी. छे, मी कोलूगोकडेच बघत होते. बहुतेक.

त्याचं नाव प्रबोध. पुण्याचा, इथल्या विद्यापीठात जंगलावर पोस्टडॉक संशोधन करणारा. मी ऋता, जुरोंग ईस्टच्या एका फायनान्स कंपनीत दिवसभर आकडे बघणारी. आमच्या ब्लॉकमागच्या रानाचा पट्टा वाचवायला तो चार-पाच स्वयंसेवकांबरोबर दर रविवारी यायचा. पुढच्या रविवारी मीही गेले. रोपं लावायला... असं मी आईला फोनवर सांगितलं.

पण रोपं लावून भागणार नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या मिसेस टॅन यांना रस्त्याकडेची झाडं नको होती. डास होतात, माकडं येतात, वादळात फांद्या पडतात. त्यांच्या बाजूने बरेच रहिवासी होते आणि झाडं काढायची विनंती करायची की नाही, हे महिनाअखेरच्या बैठकीत ठरणार होतं. ती झाडं गेली की रस्त्याच्या दोन बाजूंमधलं अंतर कोलूगोच्या झेपेबाहेर जाणार. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे.

प्रबोधने ब्लॉकखाली व्याख्यान दिलं. तक्ते, आलेख, लॅटिन नावं. दोन आजोबा घोरायला लागले.

"कसं झालं?" त्याने आशेने विचारलं.

"खरं सांगू? झाडंसुद्धा पेंगली."

तो खो खो हसला. "मग तुम्ही शिकवा."

"आधी 'तुम्ही' सोडा."

"तू शिकव," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मग काय, मी घरची पलंगाची चादर आणि उशा घेऊन खाली उतरले! प्रबोधच्या मनगटांना आणि घोट्यांना चादरीची चारी टोकं बांधली आणि त्याला बाकावर उभं केलं. "हा आपला कोलूगो. आता मारेल उडी!" शास्त्रज्ञ महाशय हात पसरून थेट उशांच्या ढिगात. सगळा ब्लॉक हसला. मिसेस टॅन लांबून, हातात इथल्या पद्धतीची, प्लास्टिकच्या पिशवीतली पार्सल कॉफी धरून बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "दॅट वन बाइट ऑर नॉट?" चावत नाही, पानं खातो, मी सांगितलं. पुढच्या रविवारी त्या सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आल्या. "स्टिल डोन्ट लाइक मॉस्किटो, लाह," असं खास सिंगापुरी इंग्रजीत बजावून.

मग त्यांना डासांचीच जबाबदारी दिली. कुठे पाणी साचतं ते शोधायला त्या रिटायर्ड शेजाऱ्यांची फौज घेऊन निघाल्या. बाकीचे खड्डे खणू लागले. मी आणि प्रबोध एकाच रोपाभोवती माती दाबत होतो. चिखलात बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही उगाचच जास्त वेळ माती दाबली.

"ऋता... मला जर्मनीहून नोकरीची ऑफर आलीय," तो मातीकडे बघत म्हणाला. "बैठकीनंतर उत्तर द्यायचंय."

"अरे वा," मी म्हणाले. मग सगळी संध्याकाळ माझं कशातच लक्ष लागलं नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांना कोलूगो दाखवायला नेलं. सूर्य कलला. रातकिडे सुरू झाले. कोलूगो खोडाला चिकटलेला, दगडासारखा. माणसं चुळबुळायला लागली, कुणीतरी जेवणाची वेळ झाली म्हणालं. प्रबोधचा चेहरा उतरला. मी त्याची बाही धरली. "थोडं थांबू..."

आणि तो निघाला!

सरसर खोडावर वर, क्षणभर शेंड्याशी, मग हवेत. पतंगासारखा चौकोनी, आवाज न करता, आमच्या डोक्यांवरून रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडावर. तिथे तो वळला तेव्हा पोटाशी एक इवलं तोंड बाहेर आलं. तो नव्हे, ती होती!

"वाह! गॉट बेबी, लाह!" मिसेस टॅन ओरडल्या. "हू वॉन्ट टू कट? मी फर्स्ट से नो!"

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्याच सगळ्यात जास्त बोलल्या. झाडं राहिली. शिवाय पलीकडच्या बाजूला आणखी लावायचंही ठरलं. टाळ्या, आरडाओरडा... मी प्रबोधला शोधत बाहेर धावले. तो रस्त्याच्या कडेला उभा होता, हातात फोन.

"उत्तर लिहितोयस?"

"हं."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "जाऊ नकोस."

"ग्रुपसाठी?" त्याने डोळे बारीक केले.

"ग्रुपला मी आणि मिसेस टॅन पुरेशा आहोत. माझ्यासाठी... मला तू आवडतोस, प्रबोध. खूप."

त्याने फोन माझ्यासमोर धरला. जर्मनीला 'आभारी आहे, पण नाही' असं कळवून झालं होतं. इथल्या प्रोफेसरांनी काम पुढे चालू ठेवायला होकार दिला होता.

"मग मला बोलू का दिलंस?"

"ऐकायचं होतं," तो म्हणाला आणि माझा हात हातात घेतला. "आता मी सांगू?"

"आलेख नकोत."

"एकही नाही," तो म्हणाला, आणि अगदी जवळ येऊन, साध्या मराठीत, त्याने सांगितलं.