टाकीवरचा अभ्रा

डेपोतली पेट्रोलची टाकी आत चेपली होती, लाथ बसलेल्या डब्यासारखी. पायथ्याशी टाकीवाला पडला होता. छपरावरून कोसळला आणि जागच्या जागी गेला. त्याच्या मुठीत उशीचा फुलाफुलांचा अभ्रा होता, आत प्लॅस्टिकची पिशवी.

"रंगाऱ्याचं काम," मॅनेजर म्हणाला. "छपरावरच्या हवेच्या नळीत रंग जाऊ नये म्हणून झाकली आणि विसरला. इकडे पंपाने पेट्रोल उपसलं, आत हवाच जाईना. टाकी चेपणार नाही तर काय? चौकीत दिलंय त्याला."

तपास अधिकाऱ्याला खात्यात सगळे शंकासुर म्हणत. त्याने अभ्रा उलटसुलट करून पाहिला. रंगाचा एक थेंब नव्हता. तोंडाशी मात्र दोरीचा वळ होता, रोज बांधून पडतो तसा.

चौकीत रंगारी रडकुंडीला आला होता.

"साहेब, मी अजून वर चढलोच नाही! खालचीच बाजू रंगवतोय. माझ्या गळ्यात का घालताय?"

टाकीवाल्याचे वडील डेपोतलेच मुकादम. घर कुंपणाच्या भिंतीला लागूनच. शंकासुराला आत नेताना दारातली एकच पायरी चढायला त्यांना दोनदा गुडघा धरावा लागला. आत दिवस भरत आलेली सून पलंगावर बसली होती, रडूही न येता. पलंगावर दोन उशा होत्या. एकीला फुलाफुलांचा अभ्रा, दुसरी उघडी. शंकासुराने दोन्ही उशा पाहिल्या. तो मुकादमांना घेऊन बाहेर आला.

"रंगाऱ्याला सोडा," मुकादम हळूच म्हणाले. "अभ्रा मी बांधला."

"कशाला?"

"उन्हात वाफ उडते. माल घटतो."

"आणि पंप कुणी चालू केला?"

"मीच. गाड्या लवकर आल्या आज."

"नळी बांधलेली माहीत असून? काका, उभी हयात इथे काढलीत तुम्ही. आणि या गुडघ्यांनी टाकीवर चढलात?"

मुकादमांची नजर घराच्या खिडकीकडे गेली.

"बांधला तुमच्या मुलाने," शंकासुर म्हणाला. "भर उन्हात वाफ सगळ्यात जास्त सुटते आणि ती थेट या खिडकीत येते. या अवस्थेत सुनेला तो वास सोसत नसणार. म्हणून तो दुपारी नळी झाकायचा, संध्याकाळी पंपाआधी सोडायचा. झाकली तरी थोडी वाफ कडेने निसटायची, म्हणून रोज निभावलं. आज पंप लवकर सुरू झाला. त्या ओढीने प्लॅस्टिक नळीला घट्ट चिकटलं. आवाज ऐकून तो वर धावला. अभ्रा ओढून काढलाही त्याने, पण तोवर छप्पर खचलं होतं."

"बटण मी दाबलं," मुकादम म्हणाले. "ते मी सोसेन कसंही. पण तिला कळलं तर ती उभ्या जन्मात सावरायची नाही. माझं नाव लिहा साहेब, पाया पडतो."

शंकासुराने त्यांचे हात धरले. रंगारी आज सुटणार होता. पण खोटं नाव लिहायला शंकासुराचा हात धजेना.

मागे दार वाजलं. सून उभी होती, उघडी उशी पोटाशी धरून.

"चार दिवस दुपारचा वास येत नव्हता," ती म्हणाली. "मी विचारलं, तर म्हणाले, वारा फिरलाय."