बंदराकडे निघालेले तीन कंटेनर

दसऱ्याच्या सकाळी दापोडीहून सरूबाईंचा फोन आला. "अंजू, संघर्ष रातभर घरी आला नाय गं. फोन बंद लागतोय त्याचा."

अंजली ओव्हाळ चाकणच्या पोलीस ठाण्यात फौजदार होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरे कपडे घालून आईला देहूरोडच्या विहारात न्यायचं, हा तिच्या धाकट्या भावाचा वर्षानुवर्षांचा नेम. तापानं फणफणला होता त्या वर्षीसुद्धा त्यानं तो मोडला नव्हता. ओव्हरटाइम लागला असेल, असं तिनं आईला सांगितलं खरं, पण स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

भीतीला कारणही तसंच होतं. संघर्ष चाकणच्या एका कारखान्यात नियोजन अधिकारी. तिथले लोखंडाचे जडशीळ सुटे भाग ट्रकांतून थेट चेन्नईला जायचे. धक्के खात, डिझेल जाळत आणि निम्मा जन्म वाहतूक कोंडीत काढत. त्यापेक्षा घाट उतरून बंदर गाठावं आणि पुढं किनाऱ्याकिनाऱ्यानं बोटीनं माल न्यावा, म्हणून तो वर्षभर साहेबांच्या मागं हात धुऊन लागला होता. शेवटी तीन कंटेनर बोटीनं पाठवून बघायचं ठरलं. ते आजच निघायचे होते.

आणि मागच्याच आठवड्यात ट्रकमालक रंगरावनं कंपनीच्या गेटवर चारचौघांत दम भरला होता, की पाण्यातून माल नेणाऱ्याला मी पाण्यातच बुडवीन.

अंजली हवालदार सोपानरावांना घेऊन कंपनीत पोचली. सुट्टीमुळं सगळं चिडीचूप. कंटेनर लादलेले तिन्ही ट्रेलर उजाडताच निघून गेले होते. हजर होते दोघंच, पहारेकरी ज्योतीराम आणि माल रवाना करणारे गणराज साहेब. साहेब सांगवीचे, बोलायला गोड, कपाळाला गंध. संघर्ष सापडत नाही हे ऐकून ते फार हळहळले.

"काल काय काय झालं?" अंजलीनं विचारलं.

"दुपारी माल भरला. संघर्षनं स्वतःच्या हातानं तिन्ही दारांना सील मारलं. मग खंडेनवमीची पूजा. प्रसाद घेऊन सगळे गेले, तोही गेला."

"तुम्ही?"

"सगळ्यांबरोबर, कंपनीच्या बसनं. माझ्या गाडीची पूजा केली होती. हार घातलेली गाडी मी दसऱ्यापर्यंत हलवत नाही."

ती गाडी समोरच उभी होती, कालचा झेंडू सुकलेला.

ज्योतीराम मावळातला म्हातारा. पूजा आटोपली तसा तो गेटवर गेला, तो सकाळपर्यंत तिथंच होता. संघर्षला जाताना पाहिलं का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "व्हय तर. अंधार पडताना मोटरसायकल गेली. हेल्मेट व्हतं डोक्याला. एरवी हात करत्यात, काल केला न्हाई."

"आणि गणराज साहेब?"

"बस भरून गेली, त्यात असतील. आमी काय मानसं मोजत न्हाई."

तेवढ्यात सोपानरावांना फोन आला. संघर्षची मोटरसायकल दापोडी स्टेशनच्या बाहेर सापडली होती. गणराज हलकेच म्हणाले, तरुण माणूस आहे, गेला असेल गाडीत बसून कुठंतरी. अंजलीच्या डोळ्यांपुढं नको नको ते येऊ लागलं. रेल्वेचे रूळ, नदीचा पूल. अंगावर वर्दी असली म्हणून काळीज काही लोखंडाचं होत नाही.

तिनं स्वतःला कामाला जुंपलं. आवारात ट्रेलर उभे होते त्या जागा तिनं पायाखालून घातल्या. तिन्ही ठिकाणी चाकांखाली चिरडलेली लिंबं आणि झेंडूच्या पाकळ्या. दोन जागी फोडलेल्या नारळाच्या पाण्याचा नुसता डाग. गेटपासून लांब, भिंतीकडच्या तिसऱ्या जागी मात्र नारळाची दोन्ही शकलं तशीच पडलेली, खोबऱ्याला मुंग्या लागलेल्या. ज्योतीराम ते बघून पुटपुटला, "ह्यो हितं कुठनं आला? काल तर समदा परसाद वाटला. दोन तुकडं माझ्याच वाट्याला आलं."

नियमाप्रमाणं त्यानं सकाळी बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रेलरच्या दाराचा फोटो काढला होता. अंजलीनं त्याच्या मोबाइलवर ते तीनही फोटो मोठे करून पाहिले. पोरांनी पूजा अगदी मनापासून केली होती. कड्यांना कुंकू, दांड्यांना हळद, बिजागऱ्यांवरसुद्धा बोटं उमटलेली. त्या सगळ्यात सील तेवढी दुकानातून आत्ताच आणल्यासारखी कोरी दिसत होती.

गणराजांजवळ सोपानरावांना बसवून ती एकटीच रंगरावच्या अड्ड्यावर गेली. हा गडी गुरगुरेल अशी तिची अटकळ होती. पण तिला पाहताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चहा बाजूला ठेवून तो उठून उभा राहिला.

"मॅडम, बोललो मी. रागात माणूस बोलतो," तो म्हणाला. "पण परवा तुमचा भाऊ इथं आला होता. चेन्नईची फेरी गेली तरी बंदरापर्यंत माल न्यायला ट्रेलर लागणारच, ते काम तुम्ही करा म्हणाला. आज गेलेले तिन्ही ट्रेलर माझेच आहेत. मी त्याच्या वाईटावर कशाला असेन?"

"मग कोण असेल?"

रंगराव घुटमळला. मग त्यानं आवाज खाली आणला. चेन्नईच्या रस्त्यावर त्याच्याहून जास्त ट्रक गणराज साहेबांचे होते, फक्त मेव्हण्याच्या नावावर. ही गोष्ट सगळ्या अड्ड्याला ठाऊक होती. कंपनीत मात्र कुणाच्या कानावर नव्हती.

एवढं सांगून तो कंटेनर कसे भरले होते त्याकडं वळला. समुद्राच्या खाऱ्या हवेनं लोखंडाला गंज चढतो, म्हणून संघर्षनं कंटेनरची हवेची भोकंसुद्धा टेप लावून बुजवायला लावली होती. "आम्ही हसलो राव त्याला," रंगराव म्हणाला. "म्हटलं, आत मुंगीलाही श्वास घेता यायचा नाही."

अंजली खुर्चीतून उठली ती उठलीच. बाहेर आश्विनाचं ऊन मी म्हणत होतं, आणि लोखंडाचा एक बंद डबा त्या उन्हातून चालला होता.

"भिंतीकडचा ट्रेलर कुणाकडं आहे?"

"सनीकडं. का हो?"

"त्याला फोन लावा. आत्ता."

सनी तळेगावच्या रस्त्यावर अडकला होता. पुढं एक ट्रक कलंडलेला, त्यात दसऱ्याची गर्दी. सकाळपासून चाक फिरलं नाही म्हणून तो शिव्या घालत होता, आणि हॉर्नच्या कलकलाटात त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ज्या कोंडीला कंटाळून संघर्षनं बोटीचा घाट घातला, त्या कोंडीला अंजलीनं मनातल्या मनात हात जोडले.

अर्ध्या वाटेवर जीप अडली. तिथून पुढं ती आणि रंगराव ट्रकांच्या मधून धावत सुटले. त्याच्या हातात लोखंड तोडायची कात्री होती. वाटेत तिनं सोपानरावांना फोन केला, गणराजांना मोटरसायकलवर घालून इकडं आणा म्हणून.

ट्रेलर दिसताच तिनं दारावर मुठी आपटल्या. पत्रा तव्यासारखा तापला होता. "संघर्ष! अरे बोल!"

आतून काही उत्तर आलं नाही.

सील तोडताना रंगरावची कात्री दोनदा निसटली. दार उघडलं तशी भट्टीसारखी वाफ अंगावर आली. पेट्यांच्या फटीत, गुडघे पोटाशी घेऊन, तिचा भाऊ पडला होता. ओठ फुटलेले, दार बडवून बडवून बोटं सोललेली. तिनं त्याच्या गळ्याला हात लावला. क्षणभर तिला काहीच लागेना. मग बोटाखाली नाडी हलली, आणि ती भर रस्त्यात हमसून रडली. सनीनं पाणी आणलं, कोंडीतल्याच कुणीतरी ओला टॉवेल दिला. अ‍ॅम्ब्युलन्स यायला वेळ होता.

तेवढ्यात सोपानराव आले. मागं बसलेले गणराज उघडं दार पाहून पांढरेफटक पडले.

"अरे देवा! हा आत कसा गेला?"

"ते मी सांगते," अंजली उठली. "सील पूजेच्या आधी मारलं म्हणालात ना? पोरांनी कडीकोयंडा, बिजागरी, काही म्हणून सोडलं नाही. सील तेव्हा असतं तर त्यालाही हळदकुंकू लागलं असतं. ती कोरी होती. म्हणजे पूजा झाल्यावर, सगळे पांगल्यावर लागली."

"मग संघर्षनंच नंतर लावली असतील."

"आणि तो बाहेरून सील लावून आत जाऊन बसला? साहेब, तुम्ही बसनं गेलाच नाहीत. तुमची गाडी आवारातच राहिली, आणि ज्योतीरामला हात न करता मोटरसायकल गेली. त्याला ओळख न देणारा तो हेल्मेटवाला संघर्ष नव्हता, तुम्ही होता. आत चढताना त्यानं बाहेर ठेवलेलं हेल्मेट, किल्ली आणि फोन तुम्ही उचललात. दापोडीला गाडी टाकलीत. तिथून सांगवी कितीशी लांब?"

गणराज मागं सरकले. मागं सोपानराव उभेच होते.

"पण त्याला कोंडून मला काय मिळणार?"

"मेव्हण्याच्या नावावरचे ट्रक चालू राहणार. आतल्या पेट्या बघा. त्या हलू नयेत म्हणून पुढं-मागं लाकडी ठोकळे आहेत, दोन्ही बाजूंना एकही नाही. ट्रकला ते चालतं, ब्रेक मारला की माल पुढं जातो. बोट आडवी झुलते. बाजूचे ठोकळे तुम्ही काढून घेतलेत, म्हणजे माल आपटून फुटला असता आणि बोटीचं नाव कुणी पुन्हा काढलं नसतं. संघर्ष शेवटचं बघायला आत चढला आणि ते त्याच्या लक्षात आलं."

"तीन ट्रेलरमधला हाच, हे कसं कळलं तुम्हाला?" हे रंगरावनं विचारलं.

"प्रसादाचं खोबरं आपल्याकडं कुणी टाकून देत नाही. या ट्रेलरच्या जागी नारळाची दोन्ही शकलं पडून होती, म्हणजे तो सगळे गेल्यावर फुटला. पूजा झालेलं दार दसऱ्याआधी उघडलं, आणि आत माणूस कोंडला. देवभोळ्या माणसाला ते पचलं नाही. हार घातलेली गाडी न हलवणारा माणूस दुसरा कोण होता तिथं? देवाची माफी मागून मग हे घरी गेले."

गणराज रस्त्यावरच बसले. घाबरवायचं होतं फक्त, ते म्हणाले. दार लोटलं, तो आतून ओरडायला लागला, मग उघडायची भीती वाटली. उघडलं असतं तर नोकरी गेली असती, अब्रू गेली असती. त्याला काही होऊ नये म्हणूनच नारळ फोडला.

"नारळ फोडेपर्यंत तो आतून हाका मारत होता," अंजली म्हणाली. "तुम्ही तिथंच उभे होता. कडी हाताशी होती."

सोपानरावांनी गणराजांना दंडाला धरून उठवलं.

अंजलीचा फोन वाजत होता. आई सकाळपासून पांढरं लुगडं नेसून उंबऱ्यात बसून होती. "सापडला गं आई," एवढंच अंजली म्हणाली. तिनं फोन भावाच्या कानाला लावला. संघर्षनं ओठ हलवले, पण घशातून आवाज फुटला नाही. नुसता खरखरत श्वास येत-जात राहिला.

पलीकडं सरूबाईंनी तो श्वास ओळखला. मग म्हणाल्या, "राहू दे बाळा, बोलू नको. नुसता श्वास घे. मी ऐकतेय."