कासार बोळातला कट्टा

वाहतूक-गणित प्रयोगशाळेत डॉ. चारुलता पेंढारकर यांनी कात्री हातात घेतली, तेव्हा नगरसेवक कोंढरे अस्वस्थ झाले. कात्री म्हणजे उद्घाटन आणि उद्घाटन म्हणजे आपण, अशी त्यांना पंचवीस वर्षांची सवय होती.

समोर छताला एक स्प्रिंग टांगली होती. तिच्याखाली आखूड दोरी, दोरीखाली दुसरी स्प्रिंग आणि सगळ्यात खाली लोखंडी वजन. शिवाय बाजूने दोन लांब दोऱ्या सैल लोंबत होत्या, एक छतापासून खालच्या स्प्रिंगपर्यंत, दुसरी वरच्या स्प्रिंगपासून वजनापर्यंत.

"ही मधली दोरी मी कापणार," चारुलता म्हणाली. "वजनाचं काय होईल?"

"पडेल की. माझ्या बुटावर."

तिने दोरी कापली. वजन चार बोटे वर गेले.

कोंढऱ्यांनी वाकून टेबलाखाली पाहिले. "कोण ओढतंय?"

"कोणी नाही साहेब," महापालिकेचे वाहतूक अभियंता सलीम जमादार म्हणाले. "आधी स्प्रिंगा एकाखाली एक होत्या, दोघींवर पुरा भार येत होता. दोरी कापल्यावर सैल दोऱ्या ताणल्या आणि स्प्रिंगा शेजारी-शेजारी आल्या. भार निम्मा-निम्मा झाला."

"आणि ही कापलेली दोरी म्हणजे आपला कासार बोळ," चारुलताने पुस्ती जोडली. "आपल्याकडे अरुंद जागा दोन. एक जुना पूल, दुसरी मंडई. बोळ या दोघांना जोडतो. प्रत्येक गाडीतलं वाट दाखवणारं यंत्र सांगतं, पुलावरून या, बोळातून मंडईत निघा, हेच जवळचं. म्हणून सगळं शहर दोन्ही अरुंद जागांत घुसतं. बोळ बंद केला, तर निम्मे लोक पूल धरून पुढे बाह्यरस्त्याने जातील, निम्मे बाह्यरस्त्याने येऊन मंडईतून जातील. सगळेच लवकर पोचतील."

"रस्ता बंद केल्यावर लवकर?"

"हो. पण हे दोन मर्यादांच्या मध्येच खरं आहे. गाड्या थोड्या असतील, तेव्हा बोळ उघडाच हवा, जवळचा रस्ता तेव्हा खरंच जवळचा असतो. आणि गाड्या फारच वाढल्या, तर बोळ उघडा ठेवला काय नि बंद केला काय, सारखंच. दोन्हीकडे एवढी कोंडी होते की बोळात कुणी शिरतच नाही. म्हणून मला तिथे बुडते खांब हवेत. गर्दीत वर येतील, रस्ता मोकळा झाला की जमिनीत जातील. मार्गमेंदू ते आपोआप करेल."

मार्गमेंदू म्हणजे शहरातले सगळे सिग्नल चालवणारा महासंगणक. तो चारुलतानेच घडवला होता.

बुडत्या खांबांचा आग्रह तिने धरला त्याला आणखी एक कारण होते, आणि ते तिने लपवले नाही. बोळाच्या मंडईकडच्या टोकाला रुग्णालय होते. पुलाकडच्या टोकाला तिचे आईवडील राहत. अप्पांच्या हृदयाला दोनदा झटका येऊन गेला होता.

त्या संध्याकाळी तिने अप्पांना सगळे समजावून सांगितले. अप्पांनी शांतपणे ऐकले आणि माईंना हाक मारली. "अहो, ऐकलंत का? आपली चारू म्हणते, तोंड शिवलं की माणूस पोटभर जेवतो."

"अप्पा, गणित आहे ते."

"असू दे. तुझं गणित बरोबरच असणार. गडबड होते ती कोंढऱ्यापाशी गेल्यावर."

प्रभाग सभेत मंगल कार्यालय भरून गेले. बोळातले रहिवासी म्हणाले, बंद करा, झोप नाही. बोळातले दुकानदार म्हणाले, बंद केलात तर आम्ही बांगड्या काय कबुतरांना विकायच्या? शेजारच्या सहकार कॉलनीतली एक बाई उठून म्हणाली, यांचा बोळ बंद होणार, मग आमच्या गल्लीने काय पाप केलंय, आमचीही बंद करा. मागून कोणीतरी ओरडले, "सगळंच बंद करा अन् घरी बसा!" या सूचनेला सर्वाधिक टाळ्या पडल्या.

कोंढऱ्यांनी हात वर केला. "बोळ बंद होणार! विज्ञानाने सांगितलंय. पण ते बुडते खांब चालणार नाहीत."

"का?" चारुलताने विचारले.

"ताई, जमिनीत जाणाऱ्या वस्तूवर मी पाटी कुठे लावू?"

सभेत कोणी हसले नाही. प्रश्न रास्तच होता. प्रभागात आजवर जे जे उभे राहिले, ते पाटीसाठीच उभे राहिले होते. बाकडे पाटी ठोकण्यापुरते असे, आणि दिव्याचा उपयोग पाटी वाचायला होई. पाटी लागत नाही असे काम कोंढऱ्यांच्या निधीत बसत नसे, आणि निधीत न बसणारे काम या शहरात होत नसे.

"बोळाच्या मधोमध ज्येष्ठ नागरिक कट्टा," कोंढऱ्यांनी जाहीर केले. "आमच्या वडिलांच्या स्मरणार्थ. पक्कं बांधकाम, वर छप्पर, टीव्ही."

पुढच्या रांगेतले ज्येष्ठ नागरिक एकदम ताठ बसले.

"रुग्णवाहिकेचं काय?" चारुलता म्हणाली.

"स्ट्रेचर जाईल एवढी फट ठेवू की बाजूला."

जमादार तिच्या कानाशी लागले. "मॅडम, कट्टा घ्या. नाहीतर काहीच मिळणार नाही. गणित एकदा खरं ठरू द्या, खांब पुढच्या वर्षी मागू."

तिने कट्टा घेतला.

गणित खरे ठरले. पहिल्या आठवड्यातच लोक कामावर लवकर पोचू लागले आणि अनेकांना तिथे लवकर जाऊन काय करायचे हे कळेना. कोंढरे पुन्हा निवडून आले. स्ट्रेचरच्या फटीत त्यांच्या मेहुण्याची पानाची टपरी आली. अप्पा रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसू लागले. "तुझ्या विज्ञानाची फरशी थंड लागते हं," ते चारुलताला म्हणत, आणि तिला बरे वाटे.

पुढच्या वर्षी तिने खांब मागितले. "चालू कट्टा पाडायचा?" कोंढऱ्यांनी विचारले. "त्या म्हाताऱ्यांना तुम्ही सांगता का मी सांगू?"

क्रिकेटच्या अंतिम सामन्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रेही नव्हते. प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा शहराचा नकाशा असा मोकळा तिने कधी पाहिला नव्हता. वाहतूक खालच्या मर्यादेच्याही खूप खाली गेली होती. अशा वेळी बोळ उघडा हवा, हे तिच्या मनात आले आणि त्याच वेळी माईंचा फोन आला.

"चारू, अप्पांना घाम फुटलाय. बोलत नाहीत गं."

तिने फोन चालूच ठेवला. रुग्णालयाच्या दारातून नकाशावर एक लाल ठिपका निघाला. चालक नसलेली रुग्णवाहिका, मार्गमेंदूच्या हुकमाने धावणारी. बोळ उघडा असता, तर चारुलता खुर्चीतून उठेपर्यंत ती अप्पांच्या दारात आली असती. ठिपका उलट्या दिशेला वळला. मंडई ओलांडून बाह्यरस्त्याला लागला. सगळे सिग्नल हिरवे होते. शहराला पूर्ण वळसा घालत तो सुंदर वेगाने निघाला होता. त्याच्या वाटेत एकही गाडी नव्हती.

"आली का गं?" माई विचारत होत्या.

"येतेय माई. येतेय."

ठिपका जुन्या पुलावर आला तेव्हा माईंनी विचारणे थांबवले होते.

तेराव्यानंतर कोंढरे भेटायला आले. जमादारही आले होते. चारुलताने आढेवेढे न घेता सांगितले, "कट्टा पाडा. बोळ उघडा."

"ताई, तुम्हीच बंद करायला लावलात. आता उघडला, तर गाड्या पुन्हा अडकणार नाहीत का?"

उत्तर तिला ठाऊक होते. जमादारांनी ते खाली मान घालून सांगितले.

"नाही साहेब. वाट सोपी झाली म्हणून लोकांनी गाड्या घेतल्या. पलीकडे तीन नव्या वसाहती आल्या. सामन्याचा दिवस निराळा, पण एरवी वाहतूक वरच्या मर्यादेपलीकडे गेलीय. आता बोळ उघडला, तरी एरवी त्यातून कोणी जाणार नाही. बंद ठेवला, तरी कोणाचा वेळ वाचत नाही."

"म्हणजे कट्ट्याचा फायदा नाही?"

"नाही."

"आणि तोटाही नाही?"

जमादारांनी चारुलताकडे पाहिले. "गणितात नाही."

"मग राहू दे की!" कोंढरे म्हणाले, आणि आवाज खाली आणून माईंकडे वळले. "माई, मी काय म्हणतो, कट्टा वाढवायचाच आहे. मंडईच्या बाजूने नवीन दालन. त्याला अप्पांचं नाव देऊ. बसायचे ना ते तिथे."

माईंनी कित्येक दिवसांनी मान वर केली. "अक्षरं मोठी असतील ना? त्यांच्या मित्रांना चष्म्यातूनही दिसत नाही."

"दगडात कोरू, माई."

चारुलताने तोंड उघडले. माई तिच्याकडे पाहत होत्या. तिने तोंड मिटले.

दालनाच्या उद्घाटनाला कट्ट्यावरचे सगळे म्हातारे इस्त्रीचे कपडे घालून आले. माई पुढच्या खुर्चीत बसल्या. प्रमुख पाहुणे कोंढरेच होते, ते आले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांचा फोन आला.

"ताई, पुलावर अडकलोय. पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. लोक खोळंबले असतील. तुम्हीच पडदा ओढा."

चारुलता उठली आणि तिने पडदा ओढला. अक्षरे खरोखरच मोठी होती. माईंनी ती मोठ्याने वाचली.