नको म्हटलेली मेंडोलिन

खामगावच्या वाद्यांच्या दुकानात मंजुश्री शिरली तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता, आणि काखेतली मेंडोलिन तिने ओढणीत तान्ह्या बाळासारखी गुंडाळली होती. बाळ कसलं, चांगली म्हातारी होती ती! मंजुश्रीचे वडील कचरू धाड गावच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत वर्षानुवर्षं तीच वाजवत आले. त्यांचे हात थरथरू लागले तशी पार्टीतली त्यांची जागा आणि मेंडोलिन दोन्ही लेकीकडे आली. पण आता तिची दांडी पार वाकली होती. तारा पडद्यांपासून इतक्या वर उचलल्या गेल्या होत्या की दोन गाणी वाजवली तरी बोटांची सालटं निघायची. दुकानदार भगवंतरावांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मान हलवली. "हे काही दुरुस्त होत नाही पोरी. नवी पाहा."

"या दांडीनं वाजवता तुम्ही?" कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला. "आन् नांदुऱ्याच्या सामन्यात आम्ही सरळ दांडी घिऊन हारलो! लाज वाटून राह्यली मले."

मंजुश्रीने वळून पाहिलं… वडनेर भोलजीचा प्रेमानंद!

सामना म्हणजे एकाच मंचावर समोरासमोर दोन पार्ट्या, गाण्याला गाण्याने उत्तर. त्या सामन्यात समोरच्या पार्टीत हा बसला होता. वाजवायचा असा की मंजुश्री आपली पाळी विसरली होती. मग त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहून एकदाच हसला, बस्स. एवढ्याशा हसण्यावर बयेने दोन वर्षं काढली होती.

"हारले कुठं? तुम्ही शेवटचं गाणं मुद्दाम सोडलं," ती म्हणाली.

"तुम्ही पाहून राह्यल्या होत्या माह्याकडं. मंग हात चालन कसा?"

मंजुश्रीचे कान गरम झाले. ती घाईघाईने भिंतीकडे वळली. "मले… मले एक मेंडोलिन पाहून द्या ना. शिलाईच्या पैशात बसन अशी."

तो आनंदाने उठला. डावा हात जॅकेटच्या खिशात ठेवूनच त्याने उजव्या हाताने एकेक मेंडोलिन काढली, पाठीवर टिचकी मारून कान लावला. लाल चकचकीत होती तिला म्हणाला, "हे नुसती नवरदेवाची करवली, दिसाले भारी." दुसरीला, "हिले सर्दी झाली." मंजुश्री हसत सुटली. हसता हसता बोलून गेली, "टिचक्या काय मारून राह्यले? वाजवून दाखवा!"

त्याचं हसू तिथल्या तिथे विझलं. भगवंतराव उगाचच गल्ला आवरू लागले. प्रेमानंदने हळूच डावा हात खिशातून काढला. मधली दोन बोटं नव्हती…

"कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेली," तो म्हणाला. "दिवाळीच्या मागंपुढं."

स्टुलाजवळ काळ्या खोळीत त्याची मेंडोलिन उभी होती. ती त्याने पुढे केली. "इकालेच आणली होती. पर दुकानात देण्यापरीस तुम्हीच घ्या. तुम्हाले परवडन त्या भावात."

खोळ उघडली. सरळ दांडी, खाली बसलेल्या तारा, अन् आवाज… मंजुश्रीने तार एकदाच छेडली आणि हात मागे घेतला. अशी मेंडोलिन तिला एरवी जन्मात परवडली नसती. तरी ती म्हणाली, "नको."

कारण होतं. कचरूच्या पार्टीत एक रीत होती. वाजवणारा हयात असेपर्यंत त्याचं वाद्य दुसऱ्या वादकाने विकत घ्यायचं नाही. घेतलं, म्हणजे त्याचा हात संपला हे आपण चारचौघांत कबूल केलं. वडनेरकडच्या पार्ट्यांना ही रीत माहीत नव्हती, आणि मंजुश्रीला ती त्या क्षणी, त्या हाताकडे बघत, तोंडाने सांगवेना. प्रेमानंदचा हात संपला हे मान्य करायचं, आणि तेही तिने? जीव गेला तरी नाही.

"बरं," तो म्हणाला. "माहा नंबर घ्या. कुठं दुसरी पाह्यली तं फोनवर वाजवून दाखवा. कान तं शाबूत हायेत माहे."

आणि मग सुरू झाली ती शोधाशोध! बुलढाणा, चिखली, मलकापूर… मंजुश्री दुकानात शिरायची, फोन मांडीवर ठेवायची आणि वाजवायची.

"आयकून राह्यले ना?"

"हाव. खालच्या तारा डब्यावानी वाजून राह्यल्या. नको घेऊ."

'घेऊ नका'चं 'नको घेऊ' कधी झालं ते त्याला कळलंही नाही. तिला बरोबर कळलं. त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून ती स्वतःशीच हसत होती, आणि शेजारची म्हातारी तिच्याकडे संशयाने पाहत होती.

एक मेंडोलिन तर खरंच बरी निघाली. मंजुश्रीने काय केलं असेल? एक तार मुद्दाम उतरवली आणि मग फोन लावला. तो म्हणाला, "बेसूर हाये." ती म्हणाली, "हो ना! पुढच्या आठवड्यात दुसरीकडं पाह्यते." मेंडोलिन मिळाली की फोन संपणार, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

प्रत्येक फोनच्या शेवटी मात्र तो तेच विचारायचा. "माही घे ना मंजू. तुह्यासाठी थांबवून ठेवली."

"नको."

"येवढं काय वाईट हाये तिच्यात?"

ती लगेच पुढच्या दुकानाचं नाव काढायची. एकदा ते नाव निघताच त्याने फोन ठेवला, आणि त्यानंतर उचललाच नाही.

मंजुश्रीला अन्न गोड लागेना. शेवटी तिने वडिलांना सगळं सांगितलं. कचरू म्हणाले, "रीत त्या माणसाले दुखवू नये म्हून हाये. अन् तो तं दुखला. जा, घिऊन ये."

बुलढाण्याला बस बदलून, नांदुऱ्याहून जीप धरून ती वडनेरला पोचली. प्रेमानंद अंगणात वांगी निवडत होता. उजवा हात चालत होता, डावा मांडीवर पडला होता.

"मी मेंडोलिन घ्यायले आली," ती धापा टाकत म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. "इकली. जळगावकडचा बँडवाला घिऊन गेला."

मंजुश्री मटकन ओट्यावर बसली. डोळे भरून आले, पण रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं.

"तू नाहीच म्हणत होती," तो वांग्याकडे बघून बोलत राहिला. "मले वाटलं, थोट्या हाताची वस्तू हिले नको असन. तुह्या घरी राह्यली असती तं… आयकाले म्हून तरी धाडले यायचं कारण भेटलं असतं. येवढंच होतं माह्या मनात. आता कायचं काय."

"म्हणजे मी…" ती म्हणाली. एका 'नको'ने तिने त्याची मेंडोलिनही घालवली होती आणि त्याचं येणंही. तिने अडखळत रीत सांगितली, अगदी सगळी. वडिलांची पार्टी, हयात माणूस, विकत घेणं म्हणजे काय… उतरवलेल्या तारेचंही सांगितलं.

प्रेमानंद ऐकत होता. मग कडवट हसला. "पर हात तं संपलाच मंजू. तू घेतली काय अन् नाही घेतली काय. आता दया वाटून राह्यली म्हून आली ना?"

मंजुश्री ताडकन उठली. "दया? दया आली असती तं पह्यल्याच दिवशी घेतली असती! सस्त्यात भेटत होती. पिरेम होतं म्हून नाही घेतली."

बोलून गेली आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. घरातून कुणीतरी "कोण आलं रे?" म्हणून विचारलं. प्रेमानंदने डोळे पुसायला हात उचलला, तो डावा होता. त्याने तो लपवला नाही. खूप वेळ दोघं तशीच रडत राहिली, ती ओट्याशी, तो वांग्यांपाशी. गेलेली मेंडोलिन काही परत येणार नव्हती, बोटंही नाहीत.

"उद्या खामगावले येता?" शेवटी तिने विचारलं.

"कायले?"

"मेंडोलिन घ्यायची हाये. कोणतीबी. पह्यली दिसन ते."

"कोणतीबी काऊन?" तो नाक ओढत म्हणाला. "नीट पाहून घिऊ… आता दोघाइले पुरली पाह्यजे."