खंडेनवमीची सोडत

जुन्या संगणकांच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर एक काळी पेटी ठेवली होती. शाळेच्या पाटीएवढी, रबरी कळांची. डॉ. इरफान मुजावर यांनी तिच्यातले फुगलेले कपॅसिटर बदलले होते, सोबतच्या कॅसेट प्लेअरला नवा पट्टा बसवला होता आणि भंगारबाजारातून काचेच्या पडद्याचा एक टीव्हीही मिळवला होता.

“बाई, बटण तुम्ही दाबा,” ते म्हणाले. “पेटी तुमची आहे.”

सुलभा खैरमोडे यांनी बटण दाबलं. हा घरगुती संगणक मामांनी त्यांच्यासाठी मस्कतहून आणला होता. १९८६ साली, बावीस वर्षांच्या असताना, त्या अंजनदरा धरणावर कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाल्या. कार्यालयात संगणक नव्हता, म्हणून त्यांनी आपलाच नेऊन ठेवला आणि बदली झाली तेव्हा तिथेच सोडला. आता, २०३८ साली, तो दुरुस्त होऊन पुन्हा धरणावर चालला होता. उद्या खंडेनवमी. त्याची पूजा व्हायची होती.

कॅसेट सुरू झाली आणि खोलीभर कर्कश आवाज घुमला.

“मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यागत ओरडतंय,” इरफान म्हणाले.

“माझी आई म्हणायची, तुझ्या डब्याला दम्याचं औषध दे.”

चार मिनिटांनी आवाज थांबला. पडद्यावर आकडे उमटू लागले: ४१७, ३८, ९०२, २६६, ७१. असे साठ.

“हे काय आहे?”

“सोडत. धरण दगडी आहे. त्याच्या पोटातून बोगदा जातो. त्या बोगद्याच्या भिंतीचे आम्ही एक हजार चाळीस खण पाडले होते. दरवर्षी साठ खणांत भोक पाडायचं, आतला नमुना काढायचा आणि कमजोर निघाला तर सिमेंटचा रस दाबून भरायचा. सगळे तपासणं शक्य नव्हतं. कुठले साठ ते आधी कळलं तर ठेकेदार तेवढीच जागा सजवून ठेवणार. म्हणून यादृच्छिक निवड. यादी पाकिटात बंद व्हायची, दर वर्षी वेगळ्या जिल्ह्यातून पथक यायचं आणि काम झालं की यादी जाळायची.”

“पथक वेगळं, आणि यादीही राखेत. म्हणजे दोन वर्षांच्या याद्या एका माणसाने कधी पाहिल्याच नाहीत?”

“तोच तर नियम होता. मीच लिहिलेला.”

इरफान यांनी सवयीने यंत्र बंद केलं. दुरुस्त केलेलं यंत्र दोनदा सुरू करून पाहायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा कॅसेट लावली. पडद्यावर आकडे उमटले.

४१७, ३८, ९०२, २६६, ७१.

सुलभाबाई खुर्चीत पुढे झुकल्या. “तुम्ही आधीचंच चित्र ठेवलंय का?”

“नाही, बाई.” इरफान यांचा आवाज उतरला. “या यंत्रांना फासा टाकता येत नाही. यांच्या पोटात आकड्यांची एक ठरलेली लांब माळ असते. दिसायला अगदी विस्कळीत, पण ठरलेली. विजेचं बटण दाबलं की पहिल्या मण्यापासून सुरू. आम्ही याला शीतारंभ म्हणतो. टाळायचा तर घड्याळाचा आकडा देऊन माळेत मधेच कुठेतरी शिरायचं. तुम्ही तो दिला नव्हता?”

“मी घरी शंभरदा चालवून पाहिलं होतं! प्रत्येक वेळी वेगळी यादी यायची.”

“घरी तुम्ही मधे बंद करत नसाल. एकामागून एक चालवलंत की माळ पुढे सरकते. धरणावर कसं करायचे?”

सुलभाबाई सांगू लागल्या. धरणावर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी झाडून सगळी यंत्रं बंद व्हायची. पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. पूजा झाली की संगणक सुरू करायचा आणि त्याने वर्षातलं पहिलं काम करायचं ते सोडतीचं. मुख्य अभियंत्यांचा तो हट्ट होता. देवाच्या साक्षीने चिठ्ठी निघाली की कुणी बोट दाखवणार नाही.

“नंतर हे यंत्र बंद पडलं होतं ना?” त्यांनी आशेने विचारलं.

“२०११ मध्ये. पण तुमच्या खात्याने त्याचं प्रतियंत्र करून घेतलं. म्हणजे नव्या संगणकाच्या आत हाच संगणक, जसाच्या तसा. शीतारंभासकट.”

बावन्न वर्षं. सोडत खरी असती तर एवढ्या काळात जेमतेम पन्नास खण तपासायचे राहिले असते. राहिले होते नऊशे ऐंशी.

त्यांनी धरणावर फोन लावला. कार्यकारी अभियंता प्रज्ञा वाघचौरे यांनी तो उचलला.

“या, मॅडम, उद्या मानाची आरती तुमचीच.”

“प्रज्ञा, प्रतियंत्र बंद करून पुन्हा सुरू कर आणि सोडत काढ. आत्ता.”

“पूजेआधी? माणसं मला कच्चं खातील.”

“मी तुला यादी आधीच सांगते. चारशे सतरा, अडतीस, नऊशे दोन.”

पलीकडे कळा वाजल्या. “मॅडम, तुम्ही कुठे आहात?” प्रज्ञाने विचारलं. “लवकर या.”

दुपारी एकला तिघं बोगद्यात उतरली. धरण काठोकाठ भरलं होतं. डाव्या हाताच्या भिंतीपलीकडे साठ मीटर पाणी उभं होतं. प्रज्ञाच्या हातातल्या डिजिटल पाटीवर प्रतिधरण दिसत होतं. संगणकात बांधलेलं हे धरणाचं जुळं भावंड साठ खणांच्या नमुन्यांवरून उरलेल्या सगळ्या खणांची तब्येत सांगायचं. ते संपूर्ण हिरवं होतं.

चारशे सतरा क्रमांकाच्या खणावर बुजवलेल्या भोकांचे गोल ठिपके होते. इरफान यांनी मोजले. बावन्न.

“एकाही पथकाला संशय आला नाही?”

“अंधारात विजेरी घेऊन प्रत्येक पथक त्या साठच खणांसमोर उभं राहिलं,” सुलभाबाई म्हणाल्या. “साठही असेच. त्यांना वाटलं असणार, सगळं धरण असंच आहे.”

शेजारचा चारशे अठरा वरून गुळगुळीत होता. त्याला एकही ठिपका नव्हता. प्रज्ञाने यंत्र लावलं. एरवी हातभर भोक पाडायला तासभर लागायचा. इथे दहा मिनिटांत नळी आत गेली, अगदी लोण्यात सुरी जावी तशी. बाहेर काढली तेव्हा तिच्यातून ओली खडी घरंगळली. दगड सांधणारा चुना कुठेच नव्हता. मग भोकातून पाणी आलं. आधी थेंब थेंब, मग बोटाएवढी धार.

“चारशे सतरामध्ये आपण बावन्न वेळा रस दाबला,” सुलभाबाई हळूच म्हणाल्या. “तिथली वाट बंद झाली, म्हणून पाणी शेजारी सरकलं. चुना धुऊन नेत राहिलं. आपण दुरुस्तीच करत होतो, प्रज्ञा. पाणी कुठून जाईल ते आपणच ठरवून दिलं.”

प्रज्ञाने लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केलं. “खाली कासारखेड आहे. अठ्ठावीस हजार वस्ती. माझी लेक आत्ता शाळेत असेल.”

“पाणी उतरव. वरच्या दारांनी नुसता माथा रिकामा होईल. तळमोऱ्या उघड, आठही. दोन दिवसांत पाणी या खणाच्या खाली जाईल.”

नियंत्रण कक्षात ऑपरेटर संभा लोंढे झेंडूच्या माळा ओवत बसले होते. प्रज्ञाचा चेहरा पाहून ते उभे राहिले. प्रतिधरण सांगत होतं: तळमोऱ्या आठ, सुस्थितीत आठ.

“सगळ्या उघडा, लोंढे.”

त्यांनी एकेक कळ दाबली. पायाखालची जमीन हादरली आणि धरणाच्या पायथ्याशी पाण्याचे पांढरे लोट उसळले. सुलभाबाई खिडकीशी गेल्या. लोट दोनच होते.

“बाकीच्या?”

“मोटर घुमतेय, पण दार हलत नाही.” लोंढे यांनी पुन्हा कळ दाबली. जळक्या रबराचा वास आला. “दोन नंबर आणि पाच नंबर तेवढ्या मस्त चालतात, मॅडम. दर साली चालवून बघतो आम्ही.”

“आणि बाकीच्या सहा?”

“त्यांचा नंबर नाही लागला कधी.”

सुलभाबाईंनी प्रज्ञाकडे पाहिलं.

“तुमच्या बदलीनंतर मुख्य अभियंत्यांनी मोऱ्यांची चाचणीही सोडतीवर टाकली,” प्रज्ञा म्हणाली. “दर वर्षी आठांतल्या दोन. पद्धत इतकी निर्दोष होती, की…”

इरफान यांनी कागदावर हिशेब मांडला होता. दोन मोऱ्यांनी पाणी त्या खणाच्या खाली यायला अकरा दिवस लागणार होते.

प्रज्ञाने जिल्हाधिकाऱ्यांना फोन लावून गाव रिकामं करायला सांगितलं. पलीकडून कसलाही वाद झाला नाही. फक्त एक प्रश्न आला, आणि तो स्पीकरवरून सगळ्यांनी ऐकला: “आपल्या हातात किती तास आहेत?”

त्या प्रश्नाचं उत्तर नऊशे ऐंशी खणांच्या आत होतं, आणि त्यांतला एकच आजवर कुणी उघडून पाहिला होता.