भिंतीच्याच रंगाचा

आलीस? ये, पिशवी ठेव त्या खुर्चीवर. फक्त त्या भिंतीला टेकू नकोस हं. रंग वाळून महिना झालाय, पण नको.

तुला आठवतं, या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत तीन पाइप होते? नाही ना? वाटलंच मला. होते गं. जाडजूड, गंजलेले. सासूबाई त्यांना 'तिघे जावई' म्हणायच्या, कारण घरात मधोमध उभे आणि कामाच्या नावानं शून्य. खोली रंगवायला काढली तेव्हा मीच हट्ट धरला, हे लपवा म्हणून. ह्यांचं म्हणणं, प्लायवूडची पेटी करून झाकू. मी म्हटलं, खोली आधीच काडेपेटीएवढी, त्यात आणखी पेटी कशाला? रंगवूनच टाका.

रंगारी म्हातारा होता, फारसा न बोलणारा. त्यानं गंज घासला, प्रायमर मारला आणि मग लहान डब्यात वेगळाच रंग कालवत बसला, दोन तास. मी म्हटलं, "काका, भिंतीचाच तर रंग द्यायचाय. एवढं काय त्यात?" तर म्हणाला, "बाई, पाइप लपत नसतो. बघणाऱ्याची नजर त्याच्यावर थांबायची बंद करावी लागते." जाताना बजावून गेला, "चार दिवस पोरींना लांब ठेवा. बोट लागलंच तर टर्पेंटाइननं पुसा... लगेच, पसरायच्या आत."

काम मात्र फर्स्टक्लास. दुसऱ्या दिवशी ह्यांना विचारलं, "काय, पाइप कसे झाकले गेले?" पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले, "कोणते पाइप?" अशी चिडले मी! सासूबाईंना विचारलं, तर त्याही बघतच राहिल्या. "कसले जावई गं?" मला आठवत होते ते केवळ केर काढताना झाडू अडतो म्हणून. हाताला लागतात, पण डोळ्याला दिसत नाहीत.

त्याच आठवड्यात मला आणखी एक खूळ लागलं. जेवायला वाढताना हात आपोआप पाच ताटं काढायचा. घरात माणसं चार. हे, सासूबाई, मी आणि चिमणी. सासूबाई चेष्टा करायच्या, "कोण पाहुणे यायचेत? आम्हालाही कळू दे." मीही हसायची आणि पाचवं ताट परत ठेवून द्यायची.

मग तो गुरुवार. दुपारी कपड्यांच्या घड्या करत होते. ढिगातून एक इवलासा फ्रॉक निघाला आणि माझं डोकंच फिरलं. शेजारणीचे कपडे आमच्या दोरीवर कसे? दिला भिरकावून. अगं, चिमणीचा फ्रॉक होता तो, आणि मी भिरकावला!

तेवढ्यात ओल्या रंगाचा वास आला. वास एका जागी नव्हता. दारातून आला, माझ्या मागे आला, थांबला. आणि माझी ओढणी खाली ओढली गेली. एकदा... मग पुन्हा.

वळून बघितलं. खोलीत कोणीच नव्हतं. ओढणी मात्र ताणलेली, कुणी मुठीत धरल्यासारखी. म्हाताऱ्याचे शब्द आठवले. तशीच, ओढणी ताणलेली असतानाच, सरकत सरकत गेले, फळीवरची टर्पेंटाइनची बाटली काढली, चिंधी भिजवली आणि ओढणीच्या टोकाशी हवेतच चोळत सुटले. एक बोट दिसलं. मग मनगट. मनगटावरचं खरचटलेलं बघितलं आणि ओळखलं. ही माझी चिमणी! सकाळपासून हाका मारून तिचा आवाज बसला होता. मी तिला शाळेतही सोडलं नव्हतं, जेवायलाही दिलं नव्हतं. रडत रडत तिचा चेहरा पुसला, केस पुसले, हात पुसले. ती माझ्या खांद्यावरून मागे, कोपऱ्याकडे बघत होती.

"आई, ताईला पण पूस ना. कधीची उभी आहे ती."

"हो हो, पुसते. आधी तुझं होऊ दे," म्हणत मी तिची राहिलेली करंगळी पुसली. स्वच्छ पुसली. आणि मग ती काय म्हणाली ते माझ्या डोक्यात शिरलं.

"चिमणे... कुठे आहे ताई?"

तिनं कोपऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"कोण ताई?"

अंगाला रंग असेल त्यालाच ती दिसते. करंगळीभर रंग ठेवायला हवा होता गं. आधी विचारायला हवं होतं. तो म्हातारा 'पोरींना' म्हणाला होता. पोरीला नाही, पोरींना. सगळं घर त्या चिंधीनं पुसून काढलं मी, हवासुद्धा. काही हाती लागलं नाही. मी आई आहे तिची, आणि मला तिचं नाव आठवत नाही...

त्या दिवसापासून मी पाच ताटं वाढते. हे म्हणतात, तुला आराम हवाय. म्हणू देत. रोज पाचवं ताट रिकामं व्हायचं. परवापासून होत नाही.

म्हणून तुला बोलावलं. डब्याच्या तळाशी थोडा रंग उरलाय. त्यात मी बोट बुडवणार आहे. मग ती मला दिसेल. तिला घेऊन मी इथे, तुझ्यापाशी येईन आणि तुझी ओढणी ओढेन. ही बाटली, ही चिंधी. मला विसरशील तू, म्हणून आत्ताच हातावर लिहून ठेव. आणि आधी तिला पूस, मग मला.

अशी बघू नकोस. वेड नाही लागलेलं मला. विश्वास बसत नाही ना? मग एवढंच सांग. चिमणीसाठी फ्रॉक आणलास, ठीक आहे. पण पिशवीत दोन आहेत. हा दुसरा... एवढा मोठा... तू कोणाच्या मापाचा आणलास?